उद्यानातल्या पिंगळ्यांचा एक हंगाम: कसा पाहायचा, कुठे थांबायचं

ठाण्यात घुबड पाहायचं म्हटलं की लोक लगेच येऊरचं नाव घेतात. येऊरला घुबडं आहेतच, पण तो संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग. अंधार पडल्यावर तिथे मनाप्रमाणे हिंडता येत नाही. शिवाय जंगलात आज दिसलेलं घुबड उद्या त्याच झाडावर सापडेल याची खात्री नाही. एखाद्या जोडीचं बिऱ्हाड मांडण्यापासून पिल्लं उडून जाईपर्यंत सगळं पाहायचं असेल, तर घरापासून चालत जाता येईल असं महापालिकेचं उद्यान सगळ्यात सोयीचं. तलावाकाठची जुनी झाडं, नवी मुंबईत सिडकोच्या सेक्टरमधली मोठी मैदानं, नेरूळ-वाशी-कोपरखैरणेतली उद्यानं, अगदी सोसायटीच्या कुंपणालगतची रेन ट्रीची रांगसुद्धा चालते. तिथे जे कुटुंब भेटण्याची सगळ्यात जास्त शक्यता आहे, ते पिंगळ्याचं, म्हणजे एका छोट्या घुबडाचं.

आधी शेजारी ओळखा

पिंगळा साळुंकीपेक्षा किंचित लहानच, जेमतेम २१ सेंटिमीटर, पण अंगाने गुबगुबीत. डोकं गोल, कानाच्या जागी तुरे नाहीत, डोळे पिवळेजर्द, वर पांढऱ्या भुवया. करड्या-तपकिरी पाठीवर आणि डोक्यावर पांढरे ठिपके. नर-मादी दिसायला सारखेच, त्यामुळे 'हा बाबा, ही आई' असं ठरवून मोकळं होऊ नका. वहीत 'अ' आणि 'ब' लिहा. एखाद्याचं पीस तुटलेलं असलं किंवा छातीवरचे पट्टे वेगळे दिसले तर पुढे ओळख पटते.

गल्लत होऊ शकते ती आणखी तिघांशी. डोक्यावर दोन तुरे आणि गडद डोळे असतील तर तो शिंगळा. तो दिवसभर खोडाला चिकटून असा बसतो की समोर असून दिसत नाही. पांढरा, बदामाच्या आकाराचा चेहरा आणि काळे डोळे म्हणजे गव्हाणी घुबड. हे झाडापेक्षा इमारतीच्या डक्टमध्ये, पाण्याच्या टाकीखाली, पुलाच्या खोबणीत जास्त सापडतं. दरवर्षी कुठल्यातरी टॉवरमध्ये त्याची पिल्लं दिसली की सोसायटीच्या ग्रुपवर 'हा कुठला प्राणी?' म्हणून खळबळ उडते, ती हीच. तिसरा रानपिंगळा. त्याच्या अंगावर ठिपक्यांऐवजी बारीक आडवे पट्टे असतात आणि तो येऊरसारख्या दाट झाडीकडचा. भर वस्तीतल्या उद्यानात त्याची अपेक्षा ठेवू नका.

पुढचं सगळं पिंगळ्याला धरून लिहिलं आहे. गव्हाणी घुबडाचा दिनक्रम वेगळा, ते बरंच उशिरा बाहेर पडतं.

ढोली सापडली की अर्धं काम झालं

पिंगळा घरटं बांधत नाही. झाडाची ढोली, भिंतीतलं भोक, जुन्या बांधकामाची फट यांतलं काहीतरी शोधून तो आत शिरतो. म्हणून पक्षी शोधत फिरण्यापेक्षा झाडं बघत फिरा. आपल्याकडच्या उद्यानांत रेन ट्री, गुलमोहर आणि सोनमोहर भरपूर लावलेत. गुलमोहराचं लाकूड ठिसूळ; फांदी मोडली की तिथे पाणी मुरतं, लाकूड कुजतं आणि काही वर्षांत छान पोकळी तयार होते. जुने वड, पिंपळ, आंबे तर हमखास. सुकलेल्या माडाचं किंवा ताडाचं उभं खोडही सोडू नका.

ढोल्या पुष्कळ असतात, राहती कुठली ते ओळखायचं. खाली मान घालून सुरुवात करा. खोडावर, खालच्या पानांवर, फरशीवर चुन्यासारखे पांढरे ओघळ एकाच जागी साचलेले दिसतात. त्यांच्या आसपास बोटाच्या पेराएवढ्या, राखाडी-काळपट गोळ्या पडलेल्या असू शकतात. ही विष्ठा नव्हे. घुबड भक्ष्य पुष्कळदा अख्खं गिळतं आणि न पचलेला भाग गोळी करून तोंडावाटे टाकतं. पिंगळ्याची गोळी काडीने हलकेच मोडली की उजेडात चकचकतात ते भुंगेऱ्यांच्या पंखांवरचे कडक तुकडे, झुरळाचे काटेरी पाय. कधी उंदराची केसं आणि सुईसारखं बारीक हाड. हातमोजे घाला किंवा नंतर साबणाने हात धुवा.

दुसरी खूण कानांची. सकाळी एखाद्या झाडावर बुलबुल, दयाळ, कावळे आणि खारी एकाच फांदीकडे तोंड करून कल्ला करत असतील, तर तिथे घुबड किंवा शिकरा बसलेला असण्याची शक्यता दाट. जवळ जाऊ नका. त्या बिचाऱ्याच्या मागे आधीच गाव लागलेलं असतं. जागा लक्षात ठेवा आणि संध्याकाळी या.

तिसरी खूण सगळ्यात भरवशाची, आणि तीच लोक विसरतात. माळीकाकांना विचारा. उद्यानात पाच-सात वर्षं पाणी घालणाऱ्या माणसाला पिंगळ्याचं झाड ठाऊक असतंच, फक्त त्याला कोणी विचारलेलं नसतं. रात्रपाळीच्या वॉचमनशीही दोन शब्द बोलून ठेवा. दुर्बीण लावून अंधारात झाडाकडे बघणारा माणूस कोण, हे त्याला माहीत असलं की तुमच्या संध्याकाळी शांततेत जातात.

थंडीत सकाळी सात ते नऊच्या दरम्यानही एक चक्कर मारा. कोवळ्या उन्हाला पिंगळा ढोलीच्या तोंडाशी येऊन डोळे अर्धवट मिटून बसतो. शोधायला याहून सोपी वेळ नाही.

बाकडं निवडणं

ढोलीपासून किमान पंधरा-वीस मीटर लांब, ढोलीच्या बरोबर समोर नाही तर जरा बाजूला, आणि शक्यतो लोकांची वर्दळ असलेल्या वाटेवर बसा. हे उलटं वाटेल, पण जॉगिंग ट्रॅकवरच्या माणसांची पिंगळ्यांना सवय झालेली असते. ट्रॅक सोडून झुडपात दबा धरून बसलेला माणूस त्यांच्या हिशेबात शिकारी. पश्चिमेकडचं आकाश ढोलीच्या मागे येईल असं बाकडं मिळालं तर सोनं: दिवस मावळल्यावरही वीसेक मिनिटं पक्ष्याची आकृती त्या उजेडावर स्पष्ट उमटते. रेन ट्री असेल तर आणखी एक फायदा. संध्याकाळी त्याची पानं मिटतात, एरवी झाकलेल्या फांद्या मोकळ्या दिसू लागतात.

मग बाकडं बदलू नका. रोज तीच जागा, साधारण तेच कपडे, तीच वेळ. चार-सहा संध्याकाळींनंतर पिंगळे तुमच्याकडे बघेनासे होतात आणि खरं पाहणं तिथून सुरू होतं. एका हंगामात दहा उद्यानं फिरून 'घुबड पाहिलं' अशी नोंद करण्यापेक्षा एकच जोडी शेवटपर्यंत पाहणं मला कितीतरी जास्त मोलाचं वाटतं, आणि हा सगळा लेख त्याच हट्टाने लिहिला आहे.

वेळेचा हिशेब सूर्यास्तावर. आपल्याकडे डिसेंबरच्या मध्यावर सूर्य सहा वाजून गेल्यावर लगेच मावळतो, जानेवारीअखेर साडेसहाच्या सुमारास, एप्रिलअखेर सातच्या आसपास. सूर्यास्ताच्या अर्धा तास आधी बसा आणि नंतर पाऊण तास थांबा. बहुतेक उद्यानांना रात्री बंद व्हायची वेळ असते, पण आपल्याला तेवढं लागतच नाही. मजेचा सगळा भाग त्या सव्वा तासात उरकतो.

सामान थोडंच. दुर्बीण ८×४२ घ्या. यातला पहिला आकडा किती पट मोठं दिसतं तो, दुसरा पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. ४२ ला ८ ने भागलं की सव्वापाच येतात. तेवढ्या मिलिमीटर रुंदीचा उजेडाचा झोत डोळ्यात शिरतो. खिशात मावणाऱ्या १०×२५ दुर्बिणीत हाच आकडा अडीच. भरदुपारी दोन्ही सारख्या वाटतील, पण तिन्हीसांजेला छोट्या दुर्बिणीत नुसता काळोख दिसतो. बाकी वही, पेन्सिल, पाण्याची बाटली, पूर्ण बाह्यांचा मळकट रंगाचा शर्ट. डासांचं मलम घरूनच लावून या. बाकड्यावर बसून हातपाय झटकत राहिलात तर पिंगळा आधी उठेल आणि मग तुम्ही. उद्यान आडबाजूला असेल तर सोबत कोणाला तरी न्या, पण एकालाच.

नोव्हेंबर ते एप्रिल, काय काय दिसतं

पिंगळ्यांचा विणीचा हंगाम साधारण नोव्हेंबर ते एप्रिल. प्रत्येक जोडीचं वेळापत्रक थोडं मागेपुढे असतं, म्हणून तारखांपेक्षा वागण्यावर लक्ष ठेवा.

सुरुवातीला आवाजच फार. दिवस मावळताच एक 'चिर्र-चिर्र' करत सुरू करतो, दुसरा त्यावर 'चिवक-चिवक' लावतो आणि दोघांचं भांडण चाललंय की काय असं वाटतं. मध्येच शेजारच्या झाडावरची जोडी उत्तर देते. वही काढा आणि आवाज कुठल्या दिशेने आला ते बाणाने दाखवा; आठवडाभरात दोन कुटुंबांच्या हद्दीची ढोबळ रेषा कागदावर उमटते. याच दिवसांत दोघं एका फांदीवर अंगाला अंग लावून बसतात, एकमेकांच्या मानेची पिसं चोचीने विंचरतात, ढोलीत आळीपाळीने डोकावतात. ढोलीवर पोपट आणि साळुंक्या यांचाही डोळा असतो. सकाळच्या वेळी ढोलीच्या तोंडाशी चाललेली ही हमरीतुमरी पाहण्यासारखी.

मग एकाएकी शांतता. एरवी दोन दिसायचे तिथे एकच दिसू लागतो आणि आवाज कमी होतो. नवखे लोक इथेच 'गेले वाटतं' म्हणून येणं सोडतात. खरं तर आता अंडी असतात, साधारण तीन ते पाच. ती उबायला महिनाभर लागतो, नेमकं सांगायचं तर २८ ते ३३ दिवस. या काळात एक जण आत असतो आणि पाहण्यासारखं कमी. आठवड्यातून दोन संध्याकाळी पुरे. ढोलीत डोकावायचा, काठीला मोबाइल बांधून आतला व्हिडिओ घ्यायचा मोह याच दिवसांत होतो. तो मोह म्हणजे गुन्हा आहे, आणि हे मी अलंकारिक अर्थाने म्हणत नाही. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ मधल्या शिकारीच्या व्याख्येत पक्ष्यांची अंडी किंवा घरटी यांना त्रास देणंही येतं.

पिल्लं फुटल्याची बातमी भक्ष्यावरून कळते. आतापर्यंत पकडलेला किडा तिथेच मटकावणारा पक्षी आता तो चोचीत धरून ढोलीकडे जातो. आतून बारीक, घासल्यासारखी फुसफुस ऐकू येते. रहदारी कमी असलेल्या दिवशी कान देऊन ऐका. आता रोज या. दर दहा मिनिटांत किती खेपा झाल्या आणि प्रत्येक खेपेत काय आणलं ते लिहायचा प्रयत्न करा. सुरुवातीला पतंग, झुरळं, भुंगेरे. पिल्लं वाढली की पाल, उंदराचं पिल्लू, क्वचित वटवाघूळ. उद्यानातल्या दिव्याच्या खांबाकडेही एक डोळा असू द्या. पिंगळा खांबावर किंवा तारेवर बसतो, उजेडाभोवती फिरणाऱ्या पतंगांवर झेप टाकतो आणि परत त्याच जागी येतो. डांबरी रस्त्यावर उतरून चार पावलं तुरुतुरु चालत किडा उचलतानाही तो दिसेल. बघणाऱ्याला हसू आवरत नाही.

वहीतली नोंद कशी असावी याचा एक नमुना, फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यातल्या संध्याकाळचा:

'सूर्यास्त ६.४१. ६.५० अ ढोलीबाहेर, आळोखेपिळोखे, एक पंख आणि त्याच बाजूचा पाय ताणला. ६.५४ ब खांबावरून आला, चोचीत पतंग. ढोलीत न जाता सोनमोहरावर थांबला, खाली कुत्रं. ६.५८ कुत्रं गेलं, ब आत. ७.०० रिकामा बाहेर. ७.०७ अ पाल घेऊन आत. बॅडमिंटन खेळणारी मुलं, ढग नाहीत, वारा नाही.'

कुत्रं, मुलं, वारा हे फालतू वाटेल. पण पुढे खेपा का कमी झाल्या याचं उत्तर नेमकं तिथेच सापडतं.

पिल्लं ढोलीच्या तोंडाशी दिसू लागली की मोजायला घाई करू नका. एक आत गेलं की दुसरं बाहेर येतं आणि दोनाची चार होतात. एकाच वेळी जेवढी दिसतील तेवढीच लिहा. पहिलं अंडं घातल्याबरोबर उबवणं सुरू होत असल्यामुळे भावंडांत थोरल्या-धाकट्याचा फरक चांगला दिसतो. थोरलं पुढे येऊन घास पटकावतं. धाकटं पुष्कळदा टिकत नाही. उडण्यापर्यंत बऱ्याचदा एक किंवा दोनच पोचतात. ढोलीत एकदा दिसलेलं पिल्लू पुन्हा दिसलं नाही तर वाईट वाटतं, पण त्यात आपण काही करायचं नसतं.

साधारण महिन्याभराची झाली की पिल्लं ढोली सोडतात. त्यानंतरचे दिवस माझ्या मते सगळ्यात बहारीचे. धड उडता न येणारी दोन-तीन कापसाची बोंडं एका आडव्या फांदीवर ओळीने बसतात, तुमच्याकडे बघत डोकं वर-खाली, डावी-उजवीकडे हलवतात. घुबडाचे डोळे खोबणीत फिरत नाहीत, म्हणून अंतराचा अंदाज घ्यायला आख्खं डोकं हलवावं लागतं. मान मात्र एका बाजूला २७० अंशांपर्यंत वळते. आपल्या मानेत सात मणके, त्यांच्या चौदा.

आपण नडतोय का?

हे दर दहा मिनिटांनी स्वतःला विचारा. मोठा पक्षी तुमच्याकडे टक लावून सारखा डोकं खालीवर करत असेल तर तो अस्वस्थ आहे. अंग चोरून, ताठ आणि बारीक होऊन, डोळ्यांच्या फटी करून बसला असेल तर जास्तच. आणि चोचीत भक्ष्य असून तो ढोलीत न जाता समोरच्या फांदीवर खोळंबला असेल, तर बहुधा तुमच्यामुळेच आत कोणीतरी उपाशी आहे. उठा, हळू चालत आणखी वीस पावलं मागे जा. तरीही पाच-दहा मिनिटांत तो आत गेला नाही तर त्या दिवशी घरी जा.

फ्लॅश नको. अंधाराला सरावलेल्या डोळ्यांवर तो झोत पडला की पुढची काही क्षणं पक्षी आंधळाच, आणि खाली रस्ता वाहता असतो. टॉर्च स्वतःच्या पावलांपुरती, लाल कागद लावून. मोबाइलवर रेकॉर्ड केलेला आवाज वाजवून पक्ष्याला बोलावणं तर सक्त बंद. आपल्या हद्दीत परका शिरला असं समजून तो शिकार सोडून त्या आवाजामागे धावत राहतो. फोटो हवाच असेल तर हिवाळ्यातल्या सकाळच्या उन्हात काढा.

ढोलीचा ठावठिकाणा कुठेही टाकू नका. आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर नोंद करताना जागा पुसट ठेवायची सोय आहे, ती वापरा. पक्ष्यांच्या नोंदींसाठीच्या ई-बर्डवर उद्यानाची यादी द्या, झाडाची खूण नको. व्हॉट्सअ‍ॅपवर टाकलेला एक फोटो रविवारी सकाळी पंधरा कॅमेरे घेऊन येतो. त्याहून वाईट म्हणजे दिवाळीच्या सुमारास अंधश्रद्धेपोटी घुबडांची चोरटी विक्री होते. घुबड पकडणं, बाळगणं, विकणं बेकायदेशीर आहे, पण पकडणाऱ्याला पत्ता आपण कशाला पुरवायचा?

पिल्लू खाली सापडलं तर

मार्च-एप्रिलमध्ये हे होणारच. पहिल्या उड्या फसतात आणि पिल्लू ट्रॅकच्या कडेला गोंधळून बसलेलं सापडतं. आधी लांबून बघा. डोळे उघडे आहेत, दोन्ही पंख सारखे मिटलेले आहेत, रक्त नाही, बोट दाखवलं की चोच वाजवतं, तर ते बहुधा ठणठणीत आहे आणि आईबाप वर कुठेतरी आहेत. मऊ फडक्यात धरून जवळच्या आडव्या फांदीवर, कुत्र्या-मांजराच्या पल्ल्याबाहेर ठेवा आणि मागे सरका. माणसाचा हात लागला की पक्षी पिल्लाला टाकून देतात, ही समजूत खोटी आहे. कावळे जमले तर अंधार पडेपर्यंत लांब उभं राहून राखण करा.

पंख लोंबतोय, मांज्यात अडकलंय, मान एका बाजूला पडलीय, मांजराने धरलं होतं, यांपैकी काही असेल तर भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात, तळाला कापड घालून, अंधाऱ्या शांत जागी ठेवा आणि वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा. दूध, पाव, भात काही देऊ नका. चोचीत पाणी सोडू नका, ते श्वासनलिकेत जातं. आणि घरी ठेवून वाढवायचा विचारही नको. मुलं कितीही मागे लागली तरी.

मोठा पक्षी जखम नसताना सुस्त, अंग फुगवून जमिनीवर बसलेला दिसला तर आसपास उंदरांचं औषध टाकलंय का याची चौकशी करा. विषारी गोळी खाल्लेला उंदीर लगेच मरत नाही. झोकांड्या खात फिरतो आणि पिंगळ्याला आयताच सापडतो. सोसायटीच्या मीटिंगमध्ये विषाऐवजी पिंजऱ्याचा आग्रह धरा. तेवढ्याने उंदीर कमी होणार नाहीत, कचऱ्याचे डबेही झाकावे लागतील.

छाटणीच्या आधी एक अर्ज

पावसाळ्यापूर्वी महापालिका झाडांच्या फांद्या छाटते. वाळलेली, पोकळ फांदी ही उद्यान खात्याच्या दृष्टीने 'धोकादायक' आणि पिंगळ्याच्या दृष्टीने घर. पिल्लं आत असतानाच करवत येऊन उभी राहते. शहरातल्या झाडांसाठी १९७५ चा राज्याचा कायदा आहे आणि प्रत्येक महापालिकेत वृक्ष प्राधिकरण आहे. त्यामुळे फेब्रुवारीतच उद्यान विभागाकडे लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. भावनिक मजकूर नको. अमुक उद्यान, अमुक दरवाजाजवळचं अमुक झाड, असल्यास झाडावरचा क्रमांक, ढोली जमिनीपासून किती फुटांवर, पक्षी कोणता, आणि वहीतल्या चार-पाच तारखांच्या नोंदी. मागणी एकच: या झाडाची छाटणी पिल्लं उडाल्यावर करावी, फांदी खरोखर पडायला आली असेल तर ढोलीचा भाग ठेवून पुढचा भार कमी करावा. ठिकाण गुप्त ठेवायचं म्हटलं तरी इथे ते सांगावंच लागतं. अर्जाची एक प्रत माळीकाकांकडे द्या. छाटणीवाले आले की पहिला निरोप तुम्हाला तेच देतील.

पिल्लं उडाली तरी काही आठवडे कुटुंब त्याच परिसरात असतं. जूनमध्ये पहिला पाऊस पडून वाळवीचे पंखवाले किडे दिव्यांभोवती घोंगावू लागले की बाकड्याकडे एक चक्कर मारा. खांबावर, तारेवर, कुंपणाच्या भिंतीवर जेवढे पिंगळे दिसतील तेवढे मोजा आणि वर्षाची शेवटची नोंद तिथे करा.